इन्स्पेक्टरची कात

४ फेब्रुवारी

ताईची मुलगी सकाळी आली, काचेची एक मोठी बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मला मिठी मारली. तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. तिचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत. बरणीच्या तोंडाला जाळी, आत एक काडी आणि काडीला उलटा लटकलेला बोटभर लांबीचा हिरवट किडा. प्रार्थनाकीटक. भाची त्याला मँटिस म्हणते.

मी म्हटलं, "या घरात भरवायला एक माणूस आहे, तेवढा पुरे आहे मला." बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

भाचीने दोन पानं सूचना लिहून दिल्या आहेत. एक दिवसाआड माशी नाहीतर लहान रातकिडा. रोज सकाळी पाण्याचा एक फवारा. आणि कात टाकायची वेळ आली की अजिबात हात लावायचा नाही. मोठा होण्याआधी अजून दोनदा टाकेल म्हणे.

"ती वेळ आली हे मला कसं कळणार?"

"तो खायचं सोडतो, मावशी. तेव्हा घाबरायचं नाही."

मी हो हो म्हटलं. लॅबला पोचायला उशीर होत होता.

७ फेब्रुवारी

बाबांनी किड्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं. त्यांच्या बस डेपोत एक इन्स्पेक्टर होता म्हणे, जो अंग हलवायचा नाही, फक्त मान वळवून बघायचा, आणि समोरच्याला आपोआप आपली चूक आठवायची. किडा खरंच तसा बघतो. मी भांडी घासत होते आणि तो खांद्यावरून माझ्याकडे बघत होता.

बाबा एकतीस वर्षं डेपोत टाइमकीपर होते. सवय जात नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पट्टीने रकाने आखलेत आणि ते ओट्याजवळ उलटं टांगलंय. वेळ, तपशील, शेरा. शेऱ्यात 'वेळेवर' किंवा 'उशिरा', बस. सकाळी ८.१०, माशी खाल्ली, वेळेवर. मला हसू आलं. निदान त्यांना काहीतरी काम मिळालं.

बाबांची कवळी आज परत घासून दिली, खालची, डाव्या बाजूची कडा. ही नववी की दहावी वेळ. मी एकवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. शेकडो लोक माझ्या दातांनी चावून खातात, आणि माझ्याच बापाच्या तोंडात माझी कवळी टिकत नाही. जेवायला बसले की पाच मिनिटं घालतात, मग हळूच काढून वाटीत ठेवतात. विचारलं की "छान आहे." छान आहे तर वाटीत का? हट्टीपणा, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

वाईट दिवस. दोन कवळ्या परत आल्या, दोन्ही माझ्या. मालकांनी सगळ्यांसमोर पाकिटं टेबलावर आपटली. आमच्याकडे प्रत्येक कामाच्या पाकिटावर कारागिराचा नंबर असतो, माझा सात. "नंबर सात, डोळे तपासून घ्या," असं म्हणाले. पॉलिश करणारा खाली बघून हसत होता. काम पाठवणाऱ्या डेंटिस्टबाईंनी माप चुकीचं घेतलं असलं तरी शेरा आमच्याच नावावर पडतो, कारण आम्हाला माणसाचं तोंड दिसत नाही. आम्हाला प्लास्टरचा साचा येतो. साचा जे सांगेल तेच खरं.

घरी येऊन सगळा राग बाबांसमोर ओकले. ते शांतपणे ऐकत होते, इन्स्पेक्टरसारखी मान वळवून. मग विचारलं, "माझी कवळीही त्याच बाईंच्या मापाची ना?"

"हो. लॅबचं निम्मं काम त्यांचंच असतं."

"म्हणजे मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं दुखतंय, तर पाकिटावर परत तुझा नंबर."

"परत माझाच. आणखी एक तक्रार आली ना, तर मालक मला घरी बसवतील. दुखतंय का तुमचं?"

"छे. छान बसलीय," ते म्हणाले, आणि वाटीतून काढून कवळी घातली. संध्याकाळभर काढली नाही. बरं वाटलं. मी बोलले त्याचा थोडा परिणाम झाला म्हणायचा. जेवण मात्र दुपारीच जास्त झालं म्हणून टाळलं.

१८ फेब्रुवारी

सुट्टी. घर आवरलं. इन्स्पेक्टरच्या बरणीचीही सफाई केली. जाळीला बुरशी धरली होती, काडीची साल निघत होती, तळाशी माश्यांचे पाय पडले होते. मला घाण बघवत नाही. जाळी फेकून दिली आणि बरणीचं मूळचं प्लास्टिकचं झाकण शोधून काढलं, त्याला गरम सुईने भोकं पाडून दिली. काडी लॅबमधल्या बारीक पॉलिशपेपरने घासून घासून गुळगुळीत केली. हात फिरवला तर एक कण लागत नाही. दिवसभर मी तेच करते, खरखर काढते. खरखर राहिली की माणसाच्या तोंडात जखम होते.

बाबा म्हणाले, "त्याला आवडेल का?"

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा त्याला नक्कीच कदर असेल."

२१ फेब्रुवारी

इन्स्पेक्टरने तीन दिवस काही खाल्लं नाही. रातकिडा शेजारून गेला तरी ढुंकून बघत नाही. पोट फुगलंय, रंग फिका पडलाय. बाबांच्या रकान्यात तीनदा 'नकार' लिहिलंय.

बाबांचंही तेच. सूप अर्धं टाकलं. पाव दुधात बुडवून दिला तर तो उजव्या गालात ठेवून दहा मिनिटं घोळवत बसले. चहा पार गार करून पितात. मी वैतागून विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

"मीही कात टाकणार आहे," म्हणाले.

मी त्यांच्यावर खेकसले. दिवसभर उभं राहून आले होते, पाय भरून आले होते आणि त्यांना विनोद सुचत होते. नंतर वाईट वाटलं. पण सॉरी म्हटलं नाही, कारण ते झोपले होते. अलीकडे लवकर झोपतात.

२४ फेब्रुवारी

सकाळी अकराला लॅबमध्ये बाबांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. आवाज जड होता. "तो पडला," म्हणाले. मला वाटलं तेच पडले. हातातलं साधन खाली ठेवून मी बाहेर पळाले, आणि जिन्यात मला कळलं की ते किड्याबद्दल बोलतायत. मला इतका राग आला की मी म्हटलं, "बाबा, मी कामावर आहे," आणि फोन ठेवला.

दुपारी घरी आले तर ते बरणीसमोर खुर्ची घेऊन बसले होते, समोर घड्याळ. इन्स्पेक्टरने झाकणाला लटकून कात टाकायला सुरुवात केली, अर्धं अंग बाहेर आलं, आणि पाय निसटले. गुळगुळीत झाकण. त्याच्या पायांच्या आकड्यांना धरायला काही नव्हतं. काडीवर जायचा प्रयत्न केला तर काडीवरूनही घसरला. बरणीच्या तळाशी, स्वतःच्या जुन्या कातीत गुरफटून पडला होता. मी पोचेपर्यंत अंग कडक झालं होतं. पुढचा डावा पाय, ज्याने तो भक्ष्य पकडतो, तो मुडपून वाळलाय. मागचा एक पाय तुटून कातीतच राहिला.

बाबांनी लिहिलंय: १०.४०, पडला. १०.५५, फोन. १.२०, मुलगी आली. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.

मी माझ्या हाताने केलं हे. काडी चकचकीत करून दिली मी.

२५ फेब्रुवारी

भाचीला फोन केला. तिला रडू येईल म्हणून मी घाबरले होते, पण ती मलाच समजावत बसली. अजून एक कात बाकी आहे. तीत वाकडा पाय सरळ होऊ शकतो, तुटलेलाही थोडा उगवतो. पण तोवर तो जगायला हवा, आणि पकडता येत नसल्यामुळे त्याला चिमट्याने भरवावं लागेल. आणि कातीच्या वेळी लटकायला खरखरीत काहीतरी हवं.

"घरात जितकं खरखरीत असेल तितकं बरं, मावशी."

बाबांशीही बोलली. नंतर मला म्हणाली, "आजोबांचं बोलणं नीट कळत नाही गं. जीभ जड झाल्यासारखी वाटते."

"कवळी घालत नाहीत ना, म्हणून," मी सांगितलं.

३ मार्च

भरवण्याचं काम बाबांनी घेतलं. माझा लॅबचा बारीक चिमटा दिलाय. माशी मारायची, तिचं पोट फोडून ओलसर भाग इन्स्पेक्टरच्या तोंडाला लावायचा आणि वाट बघायची. कधी वीस मिनिटं. बाबांचा हात थरथरतो पण त्याच्या तोंडापाशी गेला की थांबतो. "घे रे, थोडं घे. मऊ आहे," असं पुटपुटत असतात. आज त्याने अर्धी माशी खाल्ली आणि बाबांनी 'वेळेवर' लिहिलं.

मग मी त्यांच्यासमोर मऊ भात ठेवला आणि त्यांनी चार चमचे खाल्ले. पट्टा एक भोक आत गेलाय. सत्याहत्तर वय आहे, या वयात खाणं कमी होतंच.

डाव्या कानात कापसाचा बोळा घालून बसतात. वाऱ्याने कान दुखतो म्हणाले. खिडकी लावून घेतली.

९ मार्च

आज मी हरले म्हटलं आणि कवळी लॅबमध्ये घेऊन गेले. बाबांचा साचा अजून माझ्या फळीवर आहे. साच्यावर बसवून पाहिली तर डावीकडे चक्क सैल. एवढं घासल्यावर सैल होणारच. पण उजवीकडे थोडी अडते असं वाटलं, म्हणून तिथे घासली. अकरावी वेळ. घरी घालून बघितली, "आता एकदम छान," म्हणाले. दोन मिनिटांनी वाटीत.

शेजारणीने विचारलं, डेंटिस्टला का नाही दाखवत? मी म्हटलं, घरात कारागीर असताना डेंटिस्ट कशाला? बाबांनीही मान डोलावली. या एका बाबतीत आमचं पटतं.

उशीच्या अभ्र्यावर डाग होते, तपकिरी. टोमॅटोचं सूप सांडलं असेल. दोनदा धुतले.

१४ मार्च

दमले आहे. लॅबमध्ये सहा कवळ्या, घरी दोन तोंडं. इन्स्पेक्टर ठीक.

१७ मार्च

बाबा न्हाणीघरातून आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. बनियन अंगावर लोंबत होता. मला एकदम भीती वाटली. म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. रक्त तपासू. सुट्टी काढते."

"मालक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

ते खुर्चीत बसले. बरणीकडे बघत म्हणाले, "त्याची कात पडू दे. दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे. तू नसलीस तर चालेल, पण मी नसलो तर त्याला कोण भरवणार? ती झाली की तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. वचन."

मी फार ताणलं नाही. खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. या आठवड्यात सुट्टी मागायची हिंमत नव्हती माझ्यात.

२३ मार्च

इन्स्पेक्टरने काल आणि आज खाल्लं नाही. पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेत. या वेळी मी चूक करणार नाही. कोपऱ्यावरच्या झाडाची वाळकी फांदी आणली, सालीसकट, हाताला टोचणारी. झाकणाच्या जागी भाजीच्या पिशवीची जाळी दोन पदरी ताणून बसवली. आत राहिलेली माशी काढून टाकली. बाबा म्हणाले, "आता कसं डेपोसारखं वाटतंय."

तीन पायांवर त्याला तोल धरता येईल का, याची मला काळजी आहे. मागच्यांपैकी एक तर नाहीच. लॅबमधून चिकट मेण आणलंय, हाताच्या उबेनेच नरम होणारं. साच्याच्या कडेला लावतो ते. बाबांनी विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "लागलं तर."

भाचीच्या कागदावर लिहिलंय, हात लावायचा नाही. पण ज्याला धरताच येत नाही त्याचं काय करायचं, ते लिहिलेलं नाही.

२६ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सुट्टीचा दिवस. सकाळी ९.१२ ला बाबांनी हाक मारली. इन्स्पेक्टर जाळीला उलटा लटकला होता आणि त्याची पाठ मानेपाशी फाटली होती. बाबा घड्याळ घेऊन बसले. मी कामाचं भिंग कपाळाला बांधलं, पुढचा दिवा लावला. भिंगातून सगळं दिसतं. तो आतून ढकलत होता, थोडा ढकलायचा, थांबायचा. डोकं निघालं. नवं डोकं ओलं, फिकट, जवळजवळ पारदर्शक.

९.२० ला मागचा एक पाय जाळीतून सुटला. कातीचा पाय, म्हणजे रिकामा. सगळं ओझं उरलेल्यांवर आलं आणि तो झुलायला लागला. बाबा म्हणाले, "गेला." मी मेण बोटात चोळलं, मोहरीएवढी गोळी केली आणि कातीचा सुटलेला पाय चिमट्याने जाळीला टेकवून त्यावर दाबली. मग दुसऱ्या पायावर, मग तिसऱ्यावर. इन्स्पेक्टरला हात लागला नाही, फक्त त्याच्या रिकाम्या पायांना लागला. मेणाने धरलं. एकवीस वर्षांत माझा हात इतका स्थिर कधी नव्हता.

मग पुढचा डावा पाय अडकला. तोच, वाकडा. जुन्या कातीत मुडपलेला होता, तिथून नवा सरकेना. तो ओढायचा आणि थांबायचा. बाबा मिनिटं मोजत होते, "एकोणीस. वीस." मी बारीक ब्रश पाण्यात भिजवून त्या सांध्यावर नुसता टेकवला. थेंब आत शिरला. पुन्हा टेकवला. "तेवीस," बाबा म्हणाले.

पंचविसाव्या मिनिटाला पाय निघाला. लांब, मऊ, आणि सरळ. इन्स्पेक्टरने तो एकदा हवेत हलवला, मग वर वळून स्वतःच्या कातीला धरलं, शेवटचं ओढलं आणि पूर्ण बाहेर आला. "सत्तावीस," बाबा म्हणाले.

मी वळले. बाबा हसत होते. कित्येक महिन्यांत हसले नव्हते ते, आणि आता डोकं मागे टाकून, तोंड पूर्ण उघडून हसत होते, दात नसलेलं तोंड. माझ्या कपाळावरचा दिवा सरळ त्यांच्या तोंडात पडला आणि डोळ्यांवर भिंग होतं.

जिभेच्या डाव्या कडेला, मागे, खालच्या बाजूला. शेंगदाण्याएवढी जखम. कडा उचललेल्या, टणक दिसणाऱ्या, पांढरट. मधोमध लाल. कालची नव्हे, महिन्यांची.

मी ती कवळी अकरा वेळा घासली आहे. तिची प्रत्येक कडा कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मला पाठ आहे. ती तिथपर्यंत पोचतच नाही.

बाबांनी माझा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. मग म्हणाले, "सांगू नकोस कुणाला. नंबरावर येईल."

२८ मार्च

डेंटिस्टबाईंनी पाहिलं आणि हातमोजे काढून ठेवले. माप घेताना ऑक्टोबरमध्ये हे नव्हतं म्हणाल्या. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. कवळीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीच विचारलं, कवळीमुळे झालं का? "नाही. त्या जागेला कवळी लागत नाही," म्हणाल्या. "पण दुखत असताना यांनी आधी माझ्याकडे यायला हवं होतं."

परत येताना बस स्टॉपवर बसलो. बाबांनी समोरून येणाऱ्या बसची वेळ सवयीने घड्याळात पाहिली. मी म्हटलं, "तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तुझ्या कवळीनेच झालं. डिसेंबरमध्ये फोड आला तेव्हा. सांगितलं असतं तर तू बाईंना सांगितलं असतंस, त्यांनी लॅबला. तू रोज घरी येऊन सांगायचीस ना, एक तक्रार आणि घरी बसवतील."

"मी वैतागून बोलत होते, बाबा."

"मला कसं कळणार ते?"

बस आली. ती चार मिनिटं उशिरा होती, ते म्हणाले. चढताना मी त्यांचा दंड धरला. माझ्या मुठीत पूर्ण मावला.

५ एप्रिल

जखमेचा तुकडा तपासून आला. आहे ते तेच आहे. अगदी सुरुवातीचं नाही, पण काढता येईल असं डॉक्टर म्हणाले. जिभेचा डावा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही. बोलणं बदलेल. गिळायला शिकावं लागेल. महिनाभर आधी आला असता तर, असं त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं.

मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर सात, हवी तेवढी सुट्टी घ्या." मी बाहेर येऊन जिन्यात रडले. एवढं सोपं होतं मागणं. मार्चमध्ये मागायला काय झालं होतं मला?

९ एप्रिल

इन्स्पेक्टर आता स्वतः माश्या पकडतो. दोन्ही पुढचे पाय चालतात. मागचा उगवलाय पण आखूड, त्यामुळे लंगडतो. बाबा म्हणतात, "पेन्शनीत निघालेल्या इन्स्पेक्टरला शोभतं."

आम्ही दोघं आता बरंच बोलतो. त्यांचे शब्द अडखळतात, पण पुढच्या आठवड्यानंतर कसे येतील माहीत नाही, म्हणून मी सगळं नीट ऐकून घेते. आज म्हणाले, "कवळी पहिल्या दिवसापासून चांगली होती. पहिला आठवडा मी शेंगदाणे खाल्ले होते तिने, चोरून."

मी चांगली झालेली कवळी अकरा वेळा घासून बिघडवली. त्यांचं दुखणं तिच्यात शोधत राहिले.

१२ एप्रिल

उद्या सकाळी त्यांना हॉस्पिटलमध्ये दाखल करायचं. परवा ऑपरेशन. पिशवी भरली. टॉवेल, चष्मा, घड्याळ. घड्याळ तिथे चालणार नाही म्हटलं तरी ठेवायला लावलं.

शेजारणीसाठी इन्स्पेक्टरच्या सूचना लिहून ठेवायला मी कॅलेंडर खाली काढलं. बाबांचे रकाने भरत आले होते. फेब्रुवारीपासून वाचत गेले आणि माश्यांच्या, फवाऱ्यांच्या मध्ये मला दुसऱ्या ओळी दिसल्या. बारीक अक्षरात, पण त्याच रकान्यांत.

७ फेब्रु., कवळी घासली, फरक नाही. तिला सांगितलं: छान.

१२ फेब्रु., संध्याकाळभर घातली, दुखलं. तिला सांगितलं: छान.

३ मार्च, कान. सांगितलं: वारा.

९ मार्च, कवळी घासली. फरक नाही. तिला सांगितलं: एकदम छान.

२६ मार्च, ९.१२ ते ९.३९. कात पूर्ण. पाय सरळ. कारागीर: नंबर सात. वेळेवर.

रोज त्या कॅलेंडरशेजारी उभी राहून मी चहा करत होते. किड्याने किती खाल्लं ते बघायला रोज त्याच रकान्यांत डोकावत होते. तिथेच होतं सगळं लिहिलेलं.

बाबा दारात आले. माझ्या हातात काय आहे ते पाहून सावकाश येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, "यात कुठेच माझ्या नावाला 'उशिरा' नाही."

"टाइमकीपर बसची वेळ लिहितो," ते म्हणाले. "ड्रायव्हर किती दमला होता, ते त्याला माहीत असतं."

मी पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: १३ एप्रिल, सकाळी ६.३०, दोघं निघालो. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. बाबांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशाला अडकवलं.

"तेवढा रिकामा ठेव," म्हणाले. "परत आल्यावर मी भरतो."